अंगणातली शिडाची होडी

मी, गजेंद्र सखाराम, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय एकाहत्तर, राहणार लॉंग माउंटन, मॉरिशस, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्या धाकाने वा सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. नोटरी म्हणाले, फ्रेंचमध्ये लिहा. मी जन्मभर मुलांना मराठी शिकवली. शेवटचा कागद दुसऱ्या भाषेत लिहिणे बरे दिसणार नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, अंगण आणि भांडीकुंडी माझी मुलगी बसंती हिची. तिच्या भावाचा घरात वाटा नाही. ब्रीझे वेर्दिएर गावचा उसाच्या शेताचा तुकडाही तिलाच द्यायचा होता, पण तो मी १९७९ साली होडीसाठी विकला. पुढे महिनाभर तिने माझ्या भाजीत मीठ घातले नाही.

२. होडी कशी आली ते लिहून ठेवतो, नाहीतर नोटरींना वाटेल म्हातारा चळला. माझा मुलगा सत्यदेव १९७१ पासून ऑस्ट्रेलियात, फ्रीमँटलला असतो. तिथे त्याने एक छोटी शिडाची होडी, आमच्या बोलीत बातो, घेतली. चाकांच्या गाड्यावर ठेवून मोटारीमागे ओढून नेता येते, तशी. मागच्या फळीवर त्याने आईचे नाव रंगवले : इंद्राणी. १९७६ साली इंद्राणी गेली, तेव्हा त्याला येता आले नाही. आमच्या घरी फोन नाही; तीन वर्षांनी गावातल्या चिनी दुकानदाराकडे त्याचा फोन आला, "बा, मी बातो विकतोय. शीड, गाडा, सगळं."

आमच्या गावातून जो देश सोडतो तो आधी घरातले विकतो. आमचा शेजारी गोवर्धन ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा त्याच्या घरच्यांनी पाटावरवंटासुद्धा विकला होता. म्हणून मी समजलो, सत्यदेव घरी येतो आहे. मी विचारलेही नाही. तिकडे गोवर्धनला कळवून, माझे नाव न सांगता, ती होडी मी विकत घेतली. मुलगा येण्याआधी ती अंगणात असावी, एवढाच बेत.

पोर्ट लुईच्या बंदरातून ती लॉरीमागे उसाच्या रस्त्याने आली. बसंतीने कुंकू लावले, नारळ फोडला. पुढल्या आठवड्यात पुन्हा फोन. "बा, नवा बातो घेतला! मोठा. आत दोघं झोपतात."

"बरं," मी म्हटले. साबण घेतला आणि घरी आलो.

बसंती म्हणाली, "बा, तिकडची मानसं एक इकतात ती दुसरी घ्यायला. दादा आता तिकडलाच."

मला काही वाटले नाही. पाच वर्षे झाली, अजून वाटत नाही. डोलकाठीच्या दोरांवर कपडे चांगले वाळतात. फक्त एखादा ओला टॉवेल इंद्राणीवर लोंबू लागला की मी उठून बाजूला करतो.

३. पुस्तके आणि फळा गावच्या संध्याकाळच्या मराठी वर्गाला. फळ्याचा डावा पाय आखूड आहे, खाली वीट लावावी.

४. शेजारी बलराम याला काहीही नाही. समुद्र दोन कोस लांब असलेल्या गावात तो मला 'कापितेन', म्हणजे कप्तान, अशी हाक मारतो, तीही रस्त्यावरून. ज्याला काही मिळत नाही त्यालाच साक्षीदार होता येते, म्हणून खाली सही त्याची.

५. होडी सत्यदेवची. कुणीही ती जहाजावर चढवून पाठवू नये. माझे बारावे झाल्यावर बसंतीने त्याला फोन करावा. होडीबद्दल बोलू नये. एवढेच सांगावे, "बानं तुझ्यासाठी एक चीज ठेवलीय. ती पोस्टानं येत नाय."

वर्षभरात तो आला नाही, तर होडी मोडून बसंतीने त्या जागी स्वतःची खोली बांधावी. ती कधीची मागते आहे. मागची फळी खोलीच्या दारावर लावावी. त्यापुढे वाट पाहणे मी कुणाच्याही नावे करून देत नाही.

वरील सर्व मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

गजेंद्र सखाराम (सही)

साक्षीदार :
१. बलराम, शेजारी (सही)
२. अनुसया, निवृत्त शिक्षिका (सही)

लॉंग माउंटन, ९ सप्टेंबर १९८४