पंप मॅन्युअलवर

सोम., ३ फेब्रु.
सकाळी चामराजपेटहून व्हाइटफील्ड. जायलाच दोन तास. मधुराच्या सोसायटीचं फायर ऑडिट. जावई निखिलराव यंदा सेक्रेटरी. "बाबा, फक्त सही हवी. तुम्ही फायर ऑफिसर म्हणून रिटायर झालात, तुमच्यापुढे कोण बोलणार?" म्हटलं, करतो, पण आधी बघतो.

बघितलं आणि डोकंच फिरलं. टाकी भरलेली, पंप ठणठणीत, आणि स्विच मॅन्युअलवर! म्हणजे आग लागली की कुणीतरी तळघरात पळायचं, बटण दाबायचं, मग वर पाणी. ऑपरेटर नागराज म्हणाला, "काय करू सर, पाइपाला स्वल्प गळती आहे. ऑटोवर ठेवलं की गळतीने दाब उतरून पंप आपोआप सुरू होतो, वरचे लोक आवाजाने ओरडतात." गळती काढायची सोडून पंपच झोपवला. शहाणे लेकाचे!

सही केली नाही.

बुध., ५
निखिलरावांचा फोन. गळतीसाठी पार्किंगची फरशी फोडावी लागेल, त्याला मीटिंगची मंजुरी हवी, मीटिंग एप्रिलमध्ये. "तोवर फॉर्मॅलिटी म्हणून द्या ना, बाबा." माझी तेहतीस वर्षं याच फॉर्मॅलिटीत गेली, असं जोरात बोललो. बोलायला नको होतं. जावयावर आवाज चढवला नव्हता कधी.

जेवताना ही म्हणाली, "पोरीच्या संसारात कशाला विस्तव?" खरं आहे. पण चौदाव्या मजल्यावर नात झोपते की आमची.

रवि., ९
मधुरा आली नाही. दर रविवारी येते. फोनवर म्हणाली, "कमिटीसमोर निखिलला मान खाली घालावी लागली, अप्पा. सासऱ्यांनीच सही नाकारली म्हणून. तुम्हाला कसला एवढा..." पुढचं गिळलं तिने. फार वाईट वाटलं. हिने केलेला कुंदा तसाच उरला.

गुरु., १३
दुसऱ्या कुणीतरी सही दिली. न येता, फोटो बघून! नागराजला विचारलं, स्विच? "मॅन्युअलच सर." सरी, म्हटलं, ठीक आहे. तक्रार लिहायला बसलो. सेक्रेटरीचं नाव लिहायच्या जागी पेन अडलं. मग लिहिलं.

शुक्र., १४
जुन्या ऑफिसात. तिथे आता मंजुनाथ, माझ्याच हाताखाली शिकलेला. अर्ज वाचून दार लोटलं. "सर, मुलीचं घर आहे. हे परत न्या. मी तोंडी सांगतो, आठवड्यात करतील."

तेव्हा त्याला सांगितलं, जे हिलाही कधी सांगितलं नव्हतं. आनेकलचा पॅकिंग कारखाना. तिथेही पंप मॅन्युअलवर. मालक ओळखीचा, हात जोडले त्याने. मी नोटीस काढली नाही. तोंडी म्हटलं, आठवड्यात करून घ्या. नवव्या दिवशी आग. पाइप धरून माणसं उभी, पाणीच नाही. दोन कामगार बायका गेल्या. चौकशीत माझं नाव आलं नाही. कागदच नव्हता, येणार कुठून? पुढे प्रमोशनही झालं.

मंजुनाथने शिक्का मारून पोच दिली. नोटीस सोमवारी निघेल, सेक्रेटरीच्या नावाने.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, आनेकलसकट. वाटलं, चिडेल. म्हणाली, "नोटिशीच्या आधी मधुराला कळायला हवं. मी सांगू की तुम्ही?"

म्हटलं, मीच.

शनि., १५
सकाळी मधुराला फोन लावला. एक रिंग वाजली, मीच कापला. लगेच तिचाच आला. "अप्पा, बरे आहात ना?" घाबरली होती पोर. आधी आनेकल सांगितलं, मग तक्रार, मग नोटीस. तिने विचारलं, "अप्पा, आत्ता या क्षणी पंप कशावर आहे?"

मॅन्युअलवर, म्हटलं.

"तळघरात जाते," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.