लाइन की सिलिंडर

आई, तुझ्या नातवाने मागच्या अंगणात भरताची वांगी भाजायला गॅसची मोठी जाळीवाली शेगडी आणली आहे, आणि मला भीती वाटते आहे. आपल्या गल्लीत आता पाइपाने गॅस आला. शेगडी लाइनवर चालवायची की सिलिंडरवर, ते उद्या फिटर येण्याआधी ठरवायचं आहे, कारण आतलं नोझल त्या त्या गॅसचंच लागतं. पोरगा अर्धं हिंदीत समजावतो, "मम्मी, लाइनवाली गॅस हलकी रहती है, वर उडून जाते. सिलिंडरवाली खाली बसून राह्यते." मी म्हटलं, "अन् निघून राह्यली तं समजनार कसं रे बाप्पा?" तो हसला. "दोन्हीले वास येतो नं! अन् तुह्यं नाक आहे की."

माझं नाक म्हणजे तुझंच. घरात पहिला सिलिंडर आला तेव्हा तू त्याला हळदकुंकू लावलंस. पुढे दर वेळी नवा लावला की पदर खोचून, वाकून, रेग्युलेटरला नाक लावायचीस. तू "हौ" म्हटल्याशिवाय चहासुद्धा चढायचा नाही. एक दिवस अजून आठवतो. तू अंगणात मिरच्या वाळत घालते आहेस, मी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसले आहे, बाबा देवापुढे काडी ओढणार, तेवढ्यात तू धावत येतेस. "काडी नोका लावू जी!" त्यांच्या हातातली पेटीच हिसकून घेतेस. नळी उंदराने कुरतडली होती. दारंखिडक्या उघडून झाल्यावर तू माझ्याकडे वळलीस. "इथंच बसून होतीस अन् तुले वास नाही आला? नाक का नुसतं चमकी घालाले देल्लं देवानं?" मी खूप रडले. बाबांनी त्या दिवशी निरांजन लावलंच नाही.

आई, गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. फोडणी करपली तरी नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पोरगा मला गॅसपाशी उभी राहू देणार नाही, आणि मग या घरात दिवसभर मी करू काय? सारखी उठून बटणं चाचपत असते. जीव नुसता टांगणीला लागलेला.

शेगडीत सध्या सिलिंडरचंच नोझल आहे, म्हणून आज त्याने सिलिंडर लावून पाहिला. "मम्मी, तू सूंघ." मी पदर खोचला, वाकले, अगदी तुझ्यासारखी. "नाही येऊन राह्यला," म्हटलं. पोरगा शेगडीवर ओणवा झाला, त्याने लायटर दाबला, आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. काही झालं नाही. वांगी छान भाजली म्हणे. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

लाइन घेतली काय अन् सिलिंडर ठेवला काय, शेवटी त्याचा सगळा भरवसा माझ्यावरच. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तरी एवढं लिहवलं. मघाशी त्याला सांगायलाच उठले होते. त्याने मान वर न करताच म्हटलं, "मम्मी, उद्या फिटर आला का तूच सूंघजो बरं." आणि मी हौ म्हणून परत बसले.