रानात झिंक भरपूर, मालकाच्या अंगात नाही

॥ श्री ॥

मु. पो. निंबाचीवाडी, ता. पाटण, जि. सातारा
फाल्गुन वद्य पंचमी

तीर्थरूप गुंडाभाऊ यांच्या चरणी,

आपले दाजी सुभेदार हैबतराव (निवृत्त) यांचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (सर्व म्हणजे मी, म्हैस आणि तिचं रेडकू.) आपला गुडघा कसा आहे? सांगलीच्या पेठेत यंदा हळदीला उठाव आहे असं ऐकतो, ऐकून बरं वाटलं. वहिनींना नमस्कार. आपल्या नातीचं बारसं दिवाळी झाल्यावर लगेच झालं, म्हणजे एव्हाना बाळ पालथं पडून पुढं सरकायला लागलं असेल. बारशाला आलेले पाहुणेही आपापल्या घरी पोचले असतील. एक सोडून. त्या पाहुण्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. बहिणीनं भावाच्या घरी हवं तितकं राहावं, आमची इकडे काडीची अडचण नाही.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. फोन केला असता, पण आपल्या घरी फोन वाजला की आधी कोण उचलतं हे मला ठाऊक आहे आणि माझा आवाज ऐकून तो कसा ठेवला जातो तेही ठाऊक आहे. तर बातमी अशी, की माझ्या रक्तात झिंक कमी निघालं आहे. झिंक म्हणजे जस्त. थोडंथोडकं नाही, चांगलंच कमी. साताऱ्याच्या तपासणी केंद्रातली सृष्टी नावाची पोरगी म्हणाली, की इतका कमी आकडा तिनं नोकरीला लागल्यापासून पाहिला नव्हता. फौजेत इतकी वर्षं काढली, बर्फात राहिलो, वाळवंटात राहिलो, पण आजारी म्हणून कधी रांगेत उभा राहिलो नाही. आयुष्यात एकदाच तपासून घेतलं तर असं काही निघालं, जे पंचक्रोशीत कुणाकडे नाही. गावात निवृत्त फौजींची काय कमी आहे? पण त्यांच्याकडे काय, शुगर आणि बीपी. ते हल्ली कुणालाही असतं. आमचा शेजारी हवालदार नानासो माझं ऐकून दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला जाऊन सगळ्या तपासण्या करून आला. त्याचं सगळं बरोबर निघालं. बिचारा दोन दिवस पारावर फिरकला नाही.

आता हे उघडकीला कसं आलं ते सविस्तर सांगतो, कारण तिकडे आपल्या कानावर एकाच बाजूचं आलं असणार. गेल्या चैत्रातल्या जत्रेला आपण गुडघ्यामुळे येऊ शकला नाहीत. आमच्या घराला जत्रेच्या मटणाच्या रश्श्याचं मीठ बघायचा मान आहे, हे आपण जाणताच. पणजोबांपासूनचा मान. गावाची पातेली चुलीवर असतात, आचारी बाजूला उभा राहतो, आमच्यातला कर्ता पुरुष ओगराळ्यातून तळहातावर रस्सा घेतो, चाखतो आणि मान हलवतो. त्याशिवाय पंगत बसत नाही. त्या दिवशी मी चाखलं, तर नुसतं गरम पाणी. मीठ घालायला सांगितलं. पुन्हा चाखलं, पुन्हा पाणी. आणखी घालायला सांगितलं. आचारी माझ्याकडे बघायला लागला, पण मानाच्या माणसापुढं आचारी काय बोलणार? असं चारही पातेल्यांना केलं. आपल्या भगिनी पलीकडे भाकरी मोजत होत्या, त्या उठून आल्या, बोट बुडवून चाखलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “आवं, ह्यो काय रस्सा हाय व्हय? मिठाचं आगर केलंय तुमी.” चारचौघांत मानकऱ्याला असं कुणी बोलतं का? मीही फौजी माणूस. मी म्हणालो, “तुझ्याच हाताची चव गेलीया, घरी तरी कुठं काय लागतंय तोंडाला?” (हे मी जरा मोठ्यानं बोललो असं नंतर कळलं. फौजेत हळू बोलायची सवय राहत नाही.) पंगत बसली. गाव गप्प जेवलं. मानाला मान दिला. पाण्याचा टँकर मात्र दुपारीच संपला आणि दुसरा मागवावा लागला, तो ऊन जास्त होतं म्हणून असं मी समजलो.

त्यानंतर घरी रोजचंच झालं. आमटी अळणी, भाजी अळणी, खर्डा खाल्ला तरी नुसता तोंडात जाळ, चव नाही. मी रोज ताट पुढं सारायचो. भगिनी पहिल्यांदा भांडल्या, मग भांडायच्या बंद झाल्या. श्रावणात त्यांनी दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जायचं सोडलं. आपल्याला माहीत आहे, गावात कुणाचंही कार्य असो, राहीबाईचा हात लागल्याशिवाय पुरण उतरत नाही. पण कुणी बोलवायला आलं की म्हणायला लागल्या, माझ्या हाताची चव गेलीया, दुसरं कुणीतरी बघा. मला वाटलं रुसल्या असतील. मग बारशाचं निमित्त झालं आणि त्या सांगलीच्या गाडीत बसल्या.

मी मात्र शोध सोडला नाही. पहिला संशय मिठावर. दुकानदाराशी भांडलो, मिठाची पाच प्रकारची पाकिटं आणली, सगळी सारखीच निघाली. दुसरा संशय परसातल्या मातीवर. मातीत कस नसेल तर वांग्याला चव कुठून येणार? म्हणून रीतसर माती परीक्षणाला दिली, आणि परसातली देतोय तर उसाच्या रानातलीही दिली. नमुना कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. चार कोपरे आणि मधली एक जागा, खड्डा करून कडेची माती काढायची, एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. अहवाल आला तर दोन्ही रानं पैकीच्या पैकी. झिंकसुद्धा भरपूर. येणारच, दर लागणीला मी झिंक सल्फेट शेणखतात मुरवून घालतो, त्यात कधी कसूर नाही. पारावर तोही अहवाल वाचून दाखवला.

त्यातच उसाचा पाला काढताना पायाला कोयता लागला. जखम एवढीशी, पण भरेचना. पौष लागला तरी ओली. शेवटी साताऱ्याला डॉक्टर चारुशीलाबाईंकडे गेलो. बाई वयानं आमच्या सुनेएवढ्या, पण हुकूम सोडतात कर्नलसारखे. जखम बघता बघता त्यांनी विचारलं, जेवण जातं का? मी म्हणालो, जेवणाला चवच नाही, मंडळींचा हात बिघडलाय. बाईंनी वर बघितलं. मग कापसाचे बोळे आणवले, मला डोळे मिटायला लावले आणि एकेक बोळा जिभेवर लावत विचारत गेल्या, हे काय? मी खाडकन उत्तरं दिली. पाणी. हेही पाणी. हेही पाणीच. डोळे उघडले तर पुढं वाट्या होत्या साखरेच्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची आणि लिंबाच्या रसाची. भाऊ, खोटं सांगत नाही, तिन्ही वाट्या मी स्वतः तोंडाला लावून बघितल्या, तरी पाणीच.

बाईंनी बऱ्याच तपासण्या लिहून दिल्या. चव जायला कारणं पुष्कळ असतात, अंदाजानं गोळी द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं, रानालाही आपण आधी परीक्षण करूनच खत घालतो. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. मी आदल्या दिवशी सकाळपासूनच काही खाल्लं नाही, कारण खत टाकल्यावर लगेच नमुना घेतला की आकडा चुकतो. सृष्टी सुई घेऊन आली आणि एकाच दंडावर पट्टी बांधायला लागली. मी तिला थांबवलं. म्हणालो, पोरी, एका कोपऱ्यावरून रान कळत नाही. दोन्ही हातांतलं घे, दोन्ही पायांतलं घे, एक मधलं कुठलंतरी घे, आणि एकत्र करून अर्धं टाकून दे. ती म्हणाली, “आजोबा, रगत सगळीकडं एकच असतंय.” मी म्हणालो, रानाचा मालकही रानाबद्दल असंच समजतो. तिनं शेवटी एकाच हातातलं घेतलं. तरी एवढा आकडा निघाला. (सगळीकडचं घेतलं असतं तर काय निघालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.)

बाकी सगळं ठीक, झिंक तेवढं कमी. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा पित्ताच्या गोळ्यांचं निघालं. त्या मी दोन वर्षं रोज, कुणाला न विचारता, शिस्तीत घेत होतो. शिवाय भगिनी गेल्यापासून जेवण म्हणजे चहा आणि बटर. अशानं अंगात झिंक मुरत नाही म्हणे. मी विचारलं, बाई, एकरी किती घालायचं? आणि दोन हप्त्यांत दिलं तर चालेल का, एक आता आणि एक भरणीला, उसाला मातीची भर लावतो तेव्हा? घरी झिंक सल्फेटची अर्धी गोणी पडून आहे हेही सांगितलं. बाई खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, त्या गोणीला हात लावायचा नाही, हात लावला तर मी तुमच्या फौजेतल्या मुलाला युनिटमध्ये फोन करीन. रोज एक गोळी, जेवणानंतर, चहाबरोबर नाही, आणि पित्ताची गोळी बंद. जास्त घेतली तर अंगातलं तांबं कमी होतं. मी म्हणालो, मग लगेहात तांबंही मोजून टाका. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

जेवणानंतर म्हणजे काय, हे मी आपल्या सोयीनं ठरवलं. फौजी माणसाचं प्रत्येक काम पहाटे. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला मला मानाचं बोलावणं होतं, म्हणून पदकं लावली आणि गोळी उपाशीपोटीच गिळली. राष्ट्रगीत सुरू झालं आणि पोटात असं ढवळलं की सांगता सोय नाही. पण हललो नाही. शेवटच्या शब्दापर्यंत सावधान. ‘जय हे’ झालं आणि तोंडावर रुमाल धरून शाळेच्या मागं धावलो. परत आलो तेव्हा डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं सुभेदारांना गहिवरून आलं. सरपंचांनी भाषणात तसा उल्लेखही केला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तो गैरसमज दूर केला नाही. तेव्हापासून गोळी जेवणानंतर घेतो.

आता जखम भरली आहे, अंगात तरतरी आहे आणि बाई म्हणतात की माझ्यासारखा नेमानं गोळी घेणारा पेशंट त्यांनी पाहिला नाही. (सव्वीस जानेवारीचं त्यांना सांगितलेलं नाही.) गोळ्या अजून काही दिवस, मग पुन्हा रक्त. कळवण्यासारखं एवढंच. गुडघ्याला शेक देत जा. लोभ आहेच, तो वाढो.

आपला,
सुभेदार हैबतराव (निवृत्त)

ता. क. – हे पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवू नये. अगदीच कुणी आग्रह केला तर कापसाच्या बोळ्यांचा भाग वाचावा. बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, की मंडळींचा हात शाबूत आहे, बिघडली ती तुमची जीभ. हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात. त्यांचं शिक्षण फार आहे.

दुसरा ता. क. – परवा जत्रेची बैठक झाली. यंदा मीठ कुणी बघायचं म्हणून विषय निघाला. नानासो टपूनच होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं, मान आमच्याच घरात राहील, पण पातेल्याजवळ राहीबाई जाईल. बाईमाणसानं मीठ बघायची रीत न्हाई, असं एक-दोघं कुजबुजले. मी म्हणालो, गेल्या साली रीतीपरमानं पुरुषानंच बगितलं हुतं, तुमी काय खाल्लं ते सांगा. बैठकीत पहिल्यांदा माझ्या तोंडावर सगळे हसले, अगदी पोट धरून. आणि ठराव झाला. आता तुमच्या भगिनी आल्या नाहीत तर रश्श्याला मीठच पडणार नाही, एवढं त्यांना कळवा.

तिसरा ता. क. – वर काडीची अडचण नाही असं लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. गुरुवारी दुपारी माझी चव परत आली. मी स्वतः केलेली आमटी ताटात होती. पहिला घास घेतला आणि भाऊ, इतके दिवस मी काय खात होतो ते मला कळलं. म्हशीपुढं ठेवली, तिनं तोंड फिरवलं. मग तिथंच बसून राहीच्या हातची आमटी आठवायला लागलो, तर गेल्या सबंध वर्षातली एकही आठवेना. तिनं रोज केली, आणि मी एकदाही चाखली नाही. तिला गाडीत बसवून द्या. कुठल्या गाडीनं येते ते नाही कळवलं तरी चालेल, मी सोमवारपासून रोज पाटणच्या स्टँडवर सांगलीच्या सगळ्या गाड्या बघणार आहे.