काकांनी कापलेली खाचरं

टोकावडे
ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. बुद्धभूषण यास,
जनामावशीचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन असताना मावशी पत्र लिहिते म्हणून हसशील. हस. पण तू फोनवर काकांची तब्येत विचारतोस तेव्हा ते माझ्या शेजारीच बसलेले असतात. त्यांच्यासमोर त्यांचं रडगाणं कसं गाऊ?

अर्धांगाच्या झटक्यातून माणूस वाचला, चालतो-बोलतो, याबद्दल मी रोज मनातल्या मनात डॉक्टरांचे आभार मानते. पण उजव्या हातात जोर नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो यांनी शेजारच्या पोराला देऊन टाकला. अख्ख्या टोकावड्याचे शाळेचे ड्रेस शिवलेला टेलर चेंडू खेळत बसणार नाय, असं म्हणाले. मशीनवर चादर टाकलीय, कात्री कपाटात ठेवलीय. डॉक्टर सांगतात, हात आता चालवला नाही तर तो असाच राहील. मला त्याचीच भीती वाटते रे.

तू काहीतरी काम शोध त्यांच्यासाठी. मात्र दयेचं नको, त्यांना लगेच वास लागतो.

जेवण वेळेवर घेत जा, आणि मावशीवरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
जनामावशी


खर्डी
ता. १४ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस,
भूषणचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दयेचं काम माझ्याकडे नाहीच, गरजेचं आहे. टेबलावर लढाया खेळायचा माझा नाद तुला ठाऊक आहे. अंगठ्याएवढे सैनिक, फासे, आणि त्यावर तासन्‌तास भांडणारे आम्ही. तू त्याला बिनपगारी लष्कर म्हणतेस. नोव्हेंबरात शहापूरला आमचा मेळावा आहे आणि रणांगण तयार करायचं माझ्या गळ्यात पडलंय.

बर्फ आणि परदेशी किल्ले मला नकोत. आपली भाताची खाचरं, ओढा, जंगल हवं. ते मी कॉम्प्युटरवर काढून जाड कागदावर छापून घेतलं. आता एकेक चौकोन कापायचा. मी तो पुठ्ठ्यावर चिकटवेन. मग चौकोन एकमेकांना भिडवून हवा तसा मुलूख मांडता येतो. मी स्वतः कापून पाहिलं, तर ओढा तिरपा गेला आणि बोट कापलं ते वेगळंच.

तुमच्या शेजारचा हरेश शहापूरला कामाला येतो, त्याच्याबरोबर गठ्ठा धाडतोय. काकांना सांग की भूषणचा हात कात्रीवर अजून बसलेला नाही. हे अगदी खरं आहे.

दोघांच्या पायाशी माझी आठवण असू दे.
तुझा,
भूषण


टोकावडे
ता. २८ सप्टेंबर २०२५

चि. भूषणला,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझा गठ्ठा पाहून आधी मलाच काकांची बोलणी बसली. कापडाची कात्री कागदाला लावली की तिची धार जाते, एवढं तुझ्या भाच्याला कळत नाय का, असं विचारलं. मग स्वतःच जुनी कात्री शोधून धार लावून आणली. पहिल्या दिवशी ती हातातून सारखी निसटत होती. वैतागून त्यांनी सगळं बाजूला सारलं. मी तांदूळ निवडायचं सोंग करून बघत होते, आणि रडू येत होतं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्याबरोबर पुन्हा बसले. आता हात दुखला की शेकायला गरम पाणी आपणहून मागतात.

कापलेले चौकोन पाठवतेय. काही चुकलं असेल तर मला लिही, त्यांना नको.

तुझ्या लष्करालाही आशीर्वाद.
जनामावशी


खर्डी
ता. २६ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला खरं सांगतो, गठ्ठा उघडला आणि मी डोक्याला हात लावला. काकांनी रेघेवर कापलंच नव्हतं. टेलरच्या सवयीनं प्रत्येक चौकोनाभोवती शिलाईसाठी बोटभर माया सोडली होती. चौकोन शेजारी-शेजारी लावले की मध्ये पांढरे पट्टे दिसायचे. ओढ्याचे आणि जंगलाचे मी रेघेवर कापून घेतले. खाचरांना कात्री लावणार, तेवढ्यात कडा पाहिली. दुखऱ्या हातानं कापलेली, पण सरळ. ती कापून टाकायला मन होईना.

मग ती कड आत दुमडली, परकराच्या नेफ्यात नाडी असते तशी आत सुतळी घातली, वरून मातीचा रंग दिला. खाचराला बांध आला, मावशी! मेळाव्यात सगळे आपले सैनिक त्या बांधांआड लपवत होते. पुढच्या वर्षीचं रणांगणही आम्हीच करायचं असं ठरलंय.

काकांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. दहावीपर्यंतचा माझा प्रत्येक ड्रेस त्यांनी शिवला, आणि मी एकदाही आभार मानले नाहीत. आज त्या ड्रेसांचे आणि या चौकोनांचे, दोन्हीचे मानतो.

असाच जीव लावत राहा.
तुझा,
भूषण


टोकावडे
ता. १८ जानेवारी २०२६

चि. भूषण,
चांगोकाकाचा जयभीम.

तुझं पत्र मावशीनं लपवलं होतं, मी ते काढून वाचलं. राग आला. कागद शिवायचा नाय, चिकटवायचा, हे तू मला आधी सांगायचं होतंस. मग तू पाठवलेले फोटो हरेशनं दाखवले. बांध बरे झालेत. राग गेला.

हे पत्र उजव्या हातानं लिहितोय. अक्षर लागलं नाय तर मावशीला फोन कर. पुढच्या वर्षीसाठी तू हरेशबरोबर धाडलेले कागद कापून झाले, ते चौकोन सोबत आहेत. बाकी सगळं रेघेवर कापलंय, खाचरांना तेवढी जागा सोडलीय.

तू आभार मानलेस, आता मी मानतो. मला आयुष्यात कुणी एवढं अवघड काम दिलं नव्हतं.

मशीनवरची चादर काढली. पहिला शर्ट तुझाच शिवला, तो गठ्ठ्याच्या तळाशी आहे. माप दहावीच्या ड्रेसाचं, अंदाजानं वाढवलंय. आत भरपूर माया ठेवलीय. लगीन झाल्यावर पोट सुटलं की घेऊन ये, उसवून मोठा करून देईन. तवर हात आणखी सुधारंल.

तुझा,
चांगोकाका