साखरपुड्याची सुट्टी

प्रिय आई,

सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलच्या हॉस्टेलमधून तुझ्या ओजूचा नमस्कार. मी बरी आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारचा साखरपुडा पुढे ढकलावा लागेल. आज वॉर्डातली ड्यूटी संपवून सुट्टीवर येणाऱ्या हेरंबला भेटायला गेटवर धावले, तर तिथे त्याच्या पलटणीतला मित्र शंकर उभा. लेहहून आलेला. "वहिनी, चौकी रिकामी ठेवता येत नाही, एकालाच सोडत होते. सुट्टीचा नंबर हेरंबचा होता. माझ्या बायकोचे दिवस भरलेत, म्हणून त्यानं मला धाडलं." एवढं बोलून मान खाली घातली.

खूप राग आला गं. मला विचारलंसुद्धा नाही! विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते, हे त्याला पक्कं ठाऊक. आता भांडायचंही त्राण नाही.

बाबांना सांग, मुलाने शब्द मोडलेला नाही. आत्या बोलेल, बोलू दे.

फोनवर रडू येईल म्हणून हे पत्र शंकरच्याच हाती देतेय, तो आपल्या गावावरूनच घरी जाणार आहे. त्याला चहा दिल्याशिवाय सोडू नकोस. आणि साखरपुड्यासाठी कढवलेल्या तुपात डिंकाचे लाडू करून त्याच्या बायकोला पाठव. आम्हा दोघांकडून म्हणून सांग.

तुझी,
ओजू