गाडी खाली हॉलमध्ये आली

४ एप्रिल

चि. सूनबाईस,

‘चि. सौ.’ लिहावं की नुसतं ‘चि.’, या घोळात पेन उघडून बसले आणि तिकडे दूध उतू गेलं. तेव्हा मधला मार्ग काढलाय, गोड मानून घे. आशीर्वाद मात्र पूर्वीचेच आहेत, त्यात काटछाट नाही.

मी बरी आहे. तूही असशील. तुझ्या हॉस्पिटलातल्या पाळ्या कशा चालल्यात? ऊन यंदा लवकर आलंय आणि आल्या आल्या हातपाय पसरून बसलंय. सकाळी भांडी घासायला नळ सोडावा तर पाणी चहाला ठेवल्यासारखं. खालच्या शिंपीणबाई म्हणतात, “काकू, यंदा इस्त्री तापवायला लागतच नाही, खिडकीत ठेवली की झालं.” त्यांची जीभ तुला माहीतच आहे, कात्रीपेक्षा धारदार.

पत्राचं कारण एवढंच, की कूलरमध्ये पाणी भरायची रबरी नळी तू कुठे ठेवली होतीस? सगळी कपाटं पालथी घातली. फोनवर विचारलं असतं, पण फोन हल्ली चिरंजीवांच्या टेबलापाशी असतो. तुझा विषय निघाला की स्वारी उठून गच्चीवर जाते, आणि या उन्हात कुणाला गच्चीवर पाठवायचं म्हणजे पाप.

त्याच्या त्या छोट्या आगगाडीचं विचारशील, किंवा विचारणारही नाहीस. तरी सांगते. तू गेलीस तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एक फळी होती आणि तिच्यावर एक वाटोळा रूळ. आता तिथे डोंगर आहे, बोगदा आहे, दोन स्टेशनं आहेत. म्हणजे होती. परवा तो कचेरीतून आला, वर गेला आणि तसाच खाली आला. चेहरा असा की मला वाटलं कुणी गेलं. म्हणाला, “आई, रूळ उचलले गेले.” वर जाऊन पाहते तो खरंच, एका बाजूचे रूळ सापाने पाठ उचलावी तसे फळी सोडून वर आलेले. पत्र्याच्या उष्णतेने धातू फुगला आणि दोन रुळांच्या मधे त्याने फट पुरेशी सोडली नव्हती. स्टेशनचं प्लॅस्टिकचं छप्परही मऊ पडून एका अंगाला कललं होतं. इंजिन हातात धरून तो उभा. एवढा मोठा पुरुष, आणि इंजिन अंगठ्याएवढं.

मीच म्हणाले, “खाली आण सगळं. हॉलमध्ये जरा थंड असतं.”

तेव्हा गाडी खाली हॉलमध्ये आली आहे. कूलर हॉलमध्येच असतो हे तुला माहीत आहे. माझी खाट थोडी सरकवलीय, विशेष काही नाही.

नळीचं मात्र आठवून कळव.

तुझी सासू


२ मे

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. नळी माळ्यावरच्या बादलीतच निघाली. तिथे मी दोनदा पाहिलं होतं, पण म्हातारपणी डोळे बघतात आणि मन भलतीकडेच असतं.

तू पत्रात बाकी काही विचारलं नाहीस, एकच विचारलंस, की आई, तुम्ही झोपता कुठे? अगं, झोपते की! झोप ही काय जागा बघून येते? तरुणपणी मी चालत्या बसमध्ये उभ्याने झोपत असे.

उन्हाचं सांगू नये तेवढं थोडं. कचेरी सकाळची झालीय, त्यामुळे तो दुपारी जेवायला घरी असतो आणि मग दिवे लागेपर्यंत गाडी. रस्त्यावर दुपारी कुत्रंही नसतं. शिंपीणबाईंनी दुकानाच्या दाराला ओली चादर टांगलीय. गिऱ्हाईक आत येताना न्हाऊनच येतं.

तुला एक गंमत सांगू? मीही थोडीफार कामाला लागलेय. हसू नकोस. आधी नुसती बघत होते. मग त्याला झाडं जमेनात. हिरव्या रंगात बुडवलेल्या कापसाचे गोळे काडीवर बसवायचा, झाडं कसली, आजारी मेंढ्या. मी जुना कुंचा मोडला, काड्यांचे जुडगे बांधले, टोकं उसवली, रंगवली. चहाचा चोथा वाळवून मळ्यातली माती केली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आई, तुझ्या हाताला नजर आहे.” इतक्या महिन्यांत त्याने माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य. मी तेवढ्यावर दोन दिवस तरंगत होते. मग प्लॅटफॉर्मवरची माणसं रंगवायला घेतली. गव्हाच्या दाण्याएवढी माणसं, पण एकेकाची ऐट बघावी. एका बाईला मी भरजरी पातळ नेसवलं आणि शिंपीणबाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, “हिचं माप कोण घेणार?”

एकच पंचाईत आहे. गवताची म्हणून जी हिरवी पूड असते ती डिंकावर भुरभुरतात, आणि पंखा लावला की ती उडून सगळीकडे होते. रुळांखालची खडीही तशीच, डिंक वाळेपर्यंत वारा नको. त्यामुळे काम चालू असताना पंखा बंद. कूलर चालू असतो, पण त्याचं तोंड गाडीच्या फळीखालून असं वळवलंय की खालून गारवा लागावा आणि वरची पूड हलू नये. फार हुशारीने केलंय. आपल्याला लागत नाही एवढंच.

तू म्हणशील, मी त्याची वकिली करतेय. करतेय का? खरंच कळत नाही ग. हल्ली मला एका जागी बसवत नाही. खिडकीपाशी जाते, तिथून स्वयंपाकघरात, तिथून दारात. काय घ्यायला आले तेच विसरते. परवा शेवटी जिन्यात जाऊन बसले. शिंपीणबाईंनी खालून विचारलं, “काकू, कुणाची वाट बघताय?” मी म्हटलं, “वाऱ्याची.” तिथे खरोखरच जरा वारा असतो.

दोन स्टेशनांच्या मधे आता दरी केलीय आणि तिच्यावर पूल यायचाय. लांबच लांब पूल. त्याने कागदावर काढून दाखवला. तो पूल झाला की मग सगळं नीट होईल असं तो म्हणाला. काय नीट होईल ते मी विचारलं नाही.

तुझ्या दोन खोल्यांत वारा येतो का? खिडक्या कुठल्या दिशेला आहेत? उगाच विचारते.

तुझी आई म्हणवून घ्यायला जिला आवडेल ती,
सासू


२६ मे

पोरी,

आशीर्वाद. हे पत्र शिंपीणबाईंच्या कापड बेतायच्या टेबलावर बसून लिहितेय. कागदावर खडूचे डाग दिसतील. मी त्यांच्याकडेच आहे. घाबरू नकोस, चालते-फिरते आहे. आज मात्र सगळं सांगायचं ठरवूनच बसलेय. नाहीतर मी पुन्हा नळीबद्दल लिहीन.

माझी खाट थोडी सरकवली असं मी लिहिलं होतं. ती आधी हॉलच्या कोपऱ्यात गेली. मग दुसरं स्टेशन खाली मांडलं तेव्हा खोलीच्या दारात. डोंगराला जागा लागली तेव्हा उभी करून भिंतीला लावली आणि मी स्वयंपाकघरात ओट्याखाली सतरंजी टाकून झोपायला लागले. कुणी मला ढकललं नाही. तो दर वेळी विचारायचा, “आई, चालेल ना?” आणि मी म्हणायचे, “न चालायला काय झालं?”

गेल्या आठवड्यात पूल झाला. दुपारची वेळ, तो जेवणावरून तसाच उठून शेवटचे रूळ डाग देऊन जोडत होता. भात कमी पडला म्हणून मी पुन्हा टाकला होता. आपल्या स्वयंपाकघराला दार नाही, पंखा लावला की वारा थेट फळीवर जातो, आणि दरीत नुकतंच गवत भुरभुरलेलं. म्हणून पंखा बंद. डोळ्यांपुढे आधी पिवळं आलं, मग काळं. ओट्यावरची परात धरायला गेले ती परातीसकट खाली.

शुद्ध पुरती गेली नव्हती, हेच वाईट झालं. गाल फरशीला लागलेला आणि ती फरशीसुद्धा गरम. हॉलमधून त्याचा आवाज आला, “आई, भांडं पडलं का?” जीभ टाळ्याला चिकटलेली. मनात म्हटलं, आता येईल. तेवढ्यात गाडी सुरू झाली. ती पुलावर आली की तिचा आवाज पोकळ होतो. तो पोकळ झाला, पुन्हा भरीव झाला. मग पुन्हा पोकळ. गाडी पुलावरून फेऱ्या मारत होती आणि मी ऐकत पडले होते.

भात करपल्याचा वास खाली गेला म्हणून शिंपीणबाई वर आल्या. त्यांची आरडाओरड मला विहिरीच्या तळातून ऐकू यावी तशी आली. “अहो, आई पडल्यात तुमच्या! वास येत नाही, दिसत नाही, माणूस आहात की खांब?”

मग मात्र त्याने काही कमी केलं नाही. उचलून कूलरसमोर आणलं, ओली फडकी लावली, चमच्या-चमच्याने पाणी पाजलं, डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. ते गेल्यावर माझे पाय धरून तो लहान पोरासारखा रडला. म्हणाला, “पण मी विचारलं होतं ना, आई? भांडं पडलं का म्हणून विचारलं होतं.”

विचारलं होतंस रे. उत्तराला थांबला नाहीस. हे मी त्याला म्हणाले नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण तेव्हा मला तू आठवलीस. जेवणाच्या टेबलावर तू काही सांगायला लागायचीस आणि मधेच थांबायचीस. मला वाटायचं, ही विसरली असेल. तू विसरायची नाहीस, हो ना?

तो दुष्ट नाही. तूही कधी तसं म्हणाली नाहीस. दारू नाही, शिवी नाही, चढा आवाज नाही. म्हणून तर बाहेर कुणाला सांगताही येत नाही.

आता जे लिहायला हात अडतोय ते. दुसऱ्या दिवशी त्याने फळी भिंतीला उभी केली आणि माझी खाट परत हॉलमध्ये टाकली, कूलरच्या तोंडासमोर. मी झोपले. सुखाची झोप लागायला हवी होती. पण तो कचेरीतून यायचा, खुर्चीत बसायचा, हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघायचा. ते रिकामे हात मला बघवेनात. दोन-तीन दिवस काढले. मग मीच म्हणाले, “सरकव रे खाट. तुझं काम खोळंबलंय.”

त्याच्या चेहऱ्यावर असं ऊन पडलं! लगेच उठला. “चालेल ना, आई?” आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “न चालायला काय झालं?”

खाटेचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. नेता नेता मी दारात थांबले. भीती वाटली. त्याची नाही ग, माझीच. मी या घरात राहिले तर खाट सरकवतच राहणार, आणि एक दिवस सरकवायला जागा उरणार नाही. तरीही मी “चालेल” म्हणेन आणि शिवाय झाडंही करायला बसेन.

मी म्हटलं, “खाली ठेव. मी काही दिवस दुसरीकडे जाते.”

“कुठे?”

“आत्ता शिंपीणबाईंकडे. पुढचं ठरायचंय.”

त्याने खाट खाली ठेवली. गाडी बंद होती, कूलर बंद होता, रस्त्यावरही काही नव्हतं. मग तू गेल्यापासून पहिल्यांदा तो म्हणाला, “तिच्याकडे जाणार?”

मी म्हटलं, “अजून विचारलं नाही तिला.”

तो म्हणाला, “तिला सांग...” आणि थांबला. मी थांबले. पिशवी हातात धरून, पाय भरून येईस्तोवर थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. माझ्या मनाने ते पुरं करून तुला पाठवलं असतं तर छान दिसलं असतं, पण ते खोटं झालं असतं. जेवढं होतं तेवढंच पोचवतेय. त्यावरून तू काही ठरवू नकोस, आणि तुला परत आणायला मी हे लिहीत नाहीये. तू परत आलीस तर त्या हॉलमध्ये दोन खाटा सरकवाव्या लागतील.

मी त्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. शिंपीणबाई रोज संध्याकाळी वर जाऊन पंखा लावून येतात. काल म्हणाल्या, गवत उडालं तर तो नुसतं बघत होता. जेवतो म्हणाल्या. फळी पुन्हा मांडलीय, पूल अजून उभा आहे.

तर मी विचारतेय. थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? तू रात्रपाळीला गेलीस की दाराला आतून कडी लावायला कुणी असेल. स्वयंपाक दोघींपुरता मला जमतो. लोक तोंडात बोटं घालतील, की नवरा सोडलेल्या सुनेकडे सासू राहायला गेली. घालू देत. तू मात्र भिडेखातर हो म्हणू नकोस. तुझ्या दोन खोल्या तू एकटीने मिळवल्या आहेस आणि त्यांत जागा करायला लावायला मी येतेय, हे मला कळतं. म्हणून आधीच सांगते, मी एका कोपऱ्यात मावते हे खरं असलं तरी यापुढे कोपऱ्यात राहायचं नाही असं मी ठरवलंय. मला पंख्याखाली जागा लागेल. ती असेल तरच बोलव.

उत्तर लांबलचक नको. ‘या’ एवढं एक अक्षर पुरे. ‘नको’ची दोन अक्षरं आली, तरी मी ती नीट वाचीन आणि तुझ्यावरची माया तसूभर कमी होणार नाही.

पिशवी भरलेली आहे.

मी