सुई बदलली होती

हुडको, भिलाई
४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पद्मजास सुमंतदादाचे अनेक आशीर्वाद.

दुर्गमधलं तुझं मोहन नगर इथून अर्ध्या तासावर, तरी पत्र लिहितोय. तोंडाने सांगवत नाही. दात काढण्याआधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस सी निघाला. एचआयव्ही नाही. सत्तावन्न वर्षांत आपलं हे रक्त कधी वेळेवर थांबलं नाही, पण पाहुणा मात्र बिनतक्रार ठेवून घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्वी हिमोफिलियासाठी दुसऱ्यांचा प्लाझ्मा चढवायचे, त्यातून आला असेल. तेव्हा ही तपासणी नव्हती. गोळ्यांनी विषाणू जाईल, पण यकृत कडक झालंय. तीनेक वर्षं आधी यायला हवं होतं. 'यकृत्' हा शब्द संस्कृतच्या तासाला पोरांकडून तीस वर्षं घोकून घेतला, आपल्यालाही एक यकृत आहे हे ध्यानात नव्हतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. २०११ची दिवाळी आठव. तुझा समीर तेरा वर्षांचा, त्याच्या जिभेतून रक्त थांबेना. माझा गुडघा आत रक्त साचून सुजलेला. आणि घरात रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरची एकच बाटली. अर्धी आधी मी घेतली, उरलेली त्याला टोचली. सुई बदलली होती. सिरिंज तीच होती. औषधाचा थेंब वाया जाऊ नये, ही आपल्या घरची शिस्त.

त्याचं रक्त उद्याच तपासून घे. शिव्या मला सवडीने दे.

तुझा,
दादा

मोहन नगर, दुर्ग
७ ऑगस्ट २०२४

ती. दादास पद्मजाचा शि. सा. न.

समीरचं रक्त तपासायची गरज नाही. त्याला २०२१ मध्येच हिपॅटायटिस सी निघाला होता. बारा आठवडे गोळ्या घेतल्या, आता रक्त साफ आहे.

ती सिरिंज आम्हाला तेव्हाच आठवली. समीर म्हणाला, मामाले सांगू नको, त्यानंच मले सुई घेणं शिकवलं, तो खचून जाईन. मलाही ते पटलं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला हिमोफिलिया आहे का, असेल तर त्यांनाही तपासायला बोलवा. मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी फॉर्मवर त्या जागी रेघ मारली.

तुझ्या जिवाला घोर नको म्हणून, दादा. त्यानंतर तीन राख्या बांधल्या, वाळलास म्हणून तुला चिडवलं, आणि बोलले नाही. तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात ती तीन वर्षं हीच. माफी मागायची हिंमत नाही.

पद्मजा

हुडको, भिलाई
११ ऑगस्ट २०२४

चि. पद्मजास, आशीर्वाद आहेतच.

तुझं पत्र तीनदा वाचलं. संस्कृतात क्षमेवर पुष्कळ लिहून ठेवलंय. काल एकही ओळ आठवेना. राग आला असता तर सोपं गेलं असतं. केलेल्या चहावर साय धरली. समीर बरा आहे, तेवढं वाक्य परत परत वाचतो.

गोळ्या उद्यापासून. एकोणीसला राखी आहे, समीरला घेऊन ये. गुडघा पुन्हा सुजलाय, सुई त्याच्याच हातून घेईन. सिरिंजा दोन आणायला सांग.

पण त्याआधी त्याच्या त्या डॉक्टरांकडे जा. जुना फॉर्म काढायला लाव, ती रेघ खोडून घे, आणि त्यांना सांग की तुला एक भाऊ आहे.

लोभ घरातच आहे. कुठे ठेवलाय ते शोधतोय.

दादा